प्रोजेक्टरची वायर आणि दादाचा अबोला

ताई,

मी सत्तावीस वर्षांचा आहे, चेंबूरला राहतो. मला मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडच्या फुटबॉल क्लबचं वेड लावलं ते माझ्या चुलतभावाने, म्हणजे दादाने. तो नायगावच्या बीडीडी चाळीत वाढला, माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा. मी सात वर्षांचा असताना त्याने मला फॅशन स्ट्रीटवरून दीडशे रुपयांची लाल जर्सी आणून दिली होती. आमचा साठेक जणांचा ग्रुप आहे. माणशी दोनशे रुपये वर्गणी काढून दादरला हॉल घेतो, प्रोजेक्टर लावतो आणि मोठ्या मॅच एकत्र बघतो.

गेली दोन वर्षं ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. मालकांनी, म्हणजे ग्लेझर कुटुंबाने, क्लब धुऊन खाल्ला. तिकडचे चाहते क्लबच्या स्टेडियमबाहेर, ओल्ड ट्रॅफर्डला, रस्त्यावर उतरतात, मग आपण नुसतं बघत बसायचं का, असं आम्हा पोरांचं म्हणणं. दादा आणि जुने लोक म्हणतात, इथे मॅच बघायला येतो. बोंब मारायची तर ओल्ड ट्रॅफर्डला जाऊन मारा. एप्रिलमध्ये मँचेस्टर सिटीविरुद्धची डर्बी, म्हणजे एकाच शहरातल्या दोन क्लबांची मॅच, होती, रविवारी रात्री नऊला. ग्लेझरच्या मालकीला वीस वर्षं होत आली म्हणून आम्ही सहा जणांनी ठरवलं की विसाव्या मिनिटाला अंधार करायचा. मालकांच्या निषेधाची खूण असलेले हिरवे-सोनेरी मफलर घालून गेलो आणि प्रोजेक्टरची वायर मी काढली. आरडाओरडा झाला. दादा त्या दिवशी ड्यूटी बदलून आला होता (तो बेस्टच्या डेपोत मेकॅनिक आहे). तो माझ्यावर ओरडला, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तू चाहता नाहीस, ग्लेझरचं गिऱ्हाईक आहेस." तो काही बोलला नाही. बॅग उचलून निघून गेला. तेव्हापासून अबोला. गणपतीला गावच्या घरी एका पंगतीत जेवलो, तरी एक शब्द नाही. ग्रुपही फुटल्यात जमा आहे. निषेध केला म्हणून माझं चुकलं का? की दादाला पटवून द्यायला मी कमी पडलो?

— एक लाल चाहता, चेंबूर


अरे, तू माझ्या मुलाच्या वयाचा, म्हणून एकेरीतच लिहिते.

पत्रात एक गोष्ट तू कंसात टाकली आहेस, दादा बेस्टच्या डेपोत मेकॅनिक आहे. आणि त्याला लागून, तो ड्यूटी बदलून आला होता. मी तिथेच थांबले. ड्यूटी बदलून मिळणं म्हणजे काय, ते पाळीवर जाणाऱ्या माणसाच्या घरी विचार. कुणाला तरी गळ घालावी लागते, त्याची रात्रपाळी आपल्या अंगावर घ्यावी लागते, घरी सांगावं लागतं की या आठवड्यात सुट्टी तिकडची इकडे झाली. एवढं करून तो माणूस नऊच्या आत हॉलमध्ये येऊन बसला आणि विसाव्या मिनिटाला त्याच्या पुढ्यातलं ताट त्याच्याच धाकट्या भावाने ओढलं. ती मॅच पुढे ०-० सुटली हे मला माहीत आहे. त्यामुळे त्याचं काही बुडालं नाही, असं मात्र मनात आणू नकोस.

आता तुझ्या रागाबद्दल. तो खरा आहे. माझ्या घरात लिव्हरपूलचा एक चाहता वाढला, त्यामुळे हा विषय रोजच्या जेवणात असतो आणि तुझ्या क्लबचं दुखणंही मला ठाऊक आहे. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने हा क्लब जवळपास ७९ कोटी पौंडांना घेतला. त्यातला मोठा हिस्सा उसना होता आणि त्या कर्जाचा बराचसा बोजा त्यांनी क्लबच्याच बोकांडी बसवला. त्याआधी क्लबवर कर्ज नव्हतं. आपल्याकडे कुणी एखादं घर त्याच घराच्या तारणावर विकत घेतलं आणि हप्ते आतल्या बिऱ्हाडांकडून वसूल केले, तर चाळीत त्याला काय म्हणतील ते मी इथे छापू शकत नाही. वीस वर्षं तिकिटांचे, जर्सीचे, टीव्हीचे पैसे येत राहिले आणि त्यातून व्याज जात राहिलं. २०२४ मध्ये ब्रिटिश उद्योगपती जिम रॅटक्लिफ यांनी पाव हिस्सा घेऊन फुटबॉलचा कारभार हाती घेतला. त्याच वर्षाच्या अखेरीला, मोसम अर्ध्यावर असताना, उरलेल्या मॅचचं सदस्यांचं तिकीट ६६ पौंडांवर नेलं आणि मुलांची, म्हाताऱ्यांची सवलतही काढली. ज्याचा आजा, बाप त्याच स्टँडमध्ये उभा राहिला, त्या माणसाला पोराला घेऊन मॅचला जाणं परवडू नये, याचा संताप यायलाच हवा. तो मुंबईत बसून येत असेल तर त्यात खोटं काही नाही.

म्हणून निषेध केलास हे माझ्या मते चुकलेलं नाही. वायर काढलीस ते चुकलं.

या दोन्हींत फरक काय, ते लिव्हरपूलचं उदाहरण देऊन सांगते. तुला ते रुचणार नाही, तरी वाच. ६ फेब्रुवारी २०१६, लिव्हरपूलचं मैदान ॲनफिल्ड, समोर संडरलंड. मालकांनी पुढच्या मोसमासाठी नव्या मेन स्टँडमधलं सगळ्यात महाग तिकीट ७७ पौंडांचं ठरवलं होतं. ७७व्या मिनिटाला हजारो लोक जागेवरून उठले आणि बाहेर चालते झाले. लिव्हरपूल तेव्हा जिंकत होतं. लोक गेले आणि उरलेल्या वेळात दोन गोल खाऊन मॅच २-२ सुटली. चार दिवसांत मालकांनी जाहीर माफी मागितली आणि ते तिकीट मागे घेतलं. उठणारा स्वतःची मॅच सोडून उठला होता, स्वतःच्या तिकिटाचे पैसे टाकून. जो बसून राहिला त्याच्या डोळ्यांसमोर मैदान होतंच. नुकसान झालं ते मालकांच्या अब्रूचं, आणि उठणाऱ्याचं स्वतःचं.

इथे तू मला जर्मनीवरून पकडशील, आणि पकडावंसही. तिथल्या लीगने २०२३ च्या डिसेंबरमध्ये बाहेरचा गुंतवणूकदार आणायचं ठरवलं. चाहत्यांनी आधी मॅचची पहिली १२ मिनिटं मौन पाळलं. तेवढ्याने कुणी ऐकलं नाही, तेव्हा मैदानावर टेनिस बॉलचा पाऊस पाडला, चॉकलेटची नाणी फेकली. मॅच थांबत राहिल्या, सगळ्यांच्याच. २१ फेब्रुवारी २०२४ ला लीगने तो सौदा सोडून दिला. म्हणजे मॅच अडवणं हे पापच आहे असं मी म्हणत नाही. कधीकधी त्याशिवाय ऐकूच येत नाही. पण तिथे अडलं ते लीगचं दुकान. थेट प्रक्षेपण खोळंबलं, ज्यांनी सौदा केला त्यांचीच पंचाईत झाली. आणि आधी मौन, मग बॉल, अशा पायऱ्यांनी ते चढत गेले. शेजारी बसलेल्याला काय चाललंय ते कळत होतं.

तुमच्याच ओल्ड ट्रॅफर्डला २ मे २०२१ ला लोक आत घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धची मॅच पुढे ढकलावी लागली. कोरोनामुळे स्टेडियम तसंही रिकामं होतं. महिनाभराने मालकांपैकी ज्योएल ग्लेझर पहिल्यांदाच चाहत्यांच्या प्रतिनिधींसमोर बोलायला बसले. म्हणजे त्या दिवसाचा उपयोग झाला. पण त्याच दिवशी बाटलीच्या हल्ल्यात एका पोलिसाचा चेहरा फाटला. तो पोलीस काही क्लबचा मालक नव्हता. त्या बाटलीपाशी माझी बाजू संपते.

आता दादरच्या हॉलचा हिशेब कर. साठ जणांचे दोनशेप्रमाणे बारा हजार रुपये. हॉलवाल्याला भाडं आधीच मिळालेलं, चॅनेलचे पैसे आधीच भरलेले. तू वायर काढलीस तेव्हा ग्लेझरांचा एक छदामही अडला नाही. अडलं ते साठ जणांचं, आणि त्यात बदली ड्यूटीवाल्या एकाचं सगळ्यात जास्त. ज्याच्यावर राग, त्याच्यापर्यंत तो पोहोचलाच नाही. हाताशी जो सापडला, त्याला बसला.

दादाच्या बाजूने बोलत सुटले आहे असं वाटत असेल, तर थांब. "बोंब मारायची तर ओल्ड ट्रॅफर्डला जाऊन मारा" हे त्याचं वाक्य मला अजिबात पटलेलं नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये बारा बड्या क्लबांनी मिळून सुपर लीग नावाची स्वतःची वेगळी स्पर्धा काढायचा घाट घातला. त्यात तुमचा क्लब पुढे होता. तेव्हा बातम्यांमध्ये दोन शब्द आले होते. स्टेडियमवर जाणारे पिढीजात लोक म्हणजे 'लेगसी फॅन', आणि आपल्याला हवेत ते 'भविष्यातले फॅन'. हे भविष्यातले फॅन कोण? जगभर टीव्हीसमोर बसलेले. चेंबूर, नायगाव, जकार्ता, लागोस इथले. म्हणजे मँचेस्टरच्या माणसाला त्याच्याच स्टँडमधून बाहेर ढकलायचं आणि विचारलं तर बोट आपल्याकडे दाखवायचं, की बघा, तिकडे करोडो लोक वाट बघताहेत. आपलं नाव वापरून हा व्यवहार होतो. मग आपलं नाव वापरू नका, असं म्हणायचा हक्क मुंबईच्या चाहत्याला नाही तर कुणाला आहे? त्या बारांतल्याच चेल्सीच्या चाहत्यांनी आपल्या स्टेडियमबाहेर, स्टॅमफर्ड ब्रिजला, आपल्याच संघाची बस अडवली त्याच रात्री सुपर लीग कोसळायला लागली. तेव्हा इथून कुणी म्हणालं असतं की आम्हालाही ती नको, तर मालकांची ती सबब तरी गेली असती.

आणि हे फक्त साहेबाच्या देशातलं प्रकरण नाही. मोहन बागान १८८९ चा क्लब. २०२० मध्ये मालकी बदलली आणि नावाच्या आधी 'एटीके' हे नव्या मालकांच्या आधीच्या क्लबचं नाव चिकटलं. कोलकात्यातले चाहते तीन वर्षं ते काढा म्हणून निषेध करत राहिले. त्यांच्यातही तट होते. काही म्हणायचे, पैसा आलाय, संघ जिंकतोय, नावाचं काय घेऊन बसलात. २०२३ च्या मार्चमध्ये आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, जिंकल्यावर त्याच रात्री मालकांनी नाव बदलत असल्याचं जाहीर केलं. दादाला हे सांग. मात्र आधी दुसरं काम करायचं आहे, ते झाल्यावर.

ते काम त्या 'गिऱ्हाईक' शब्दाचं.

मी परळची. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा बारा वर्षांची होते. अडीच लाख कामगार बाहेर. माझे बाबा आणि धाकटे काका एकाच गिरणीत, एकाच खात्यात, आणि चाळीतही आमच्या खोल्या एकाच गॅलरीत. पहिले काही महिने दोघंही सभांना एकत्र जायचे. मग काकांच्या घरचं धान्य संपलं, काकीच्या पाटल्या गेल्या, धाकटी मुलगी आजारी पडली. पावसाळ्यानंतर एका पहाटे काका डबा घेऊन कामावर गेले. बाबा गॅलरीत तांब्या घेऊन तोंड धूत उभे होते. त्यांनी एकच शब्द उच्चारला, "फुटीर." जिन्यावर सगळ्यांनी ऐकला.

त्यानंतर अकरा वर्षं ते काकांशी बोलले नाहीत. आई बाबांच्या नकळत काकीकडे वाटीत आमटी पाठवायची, वर ताटली झाकून. ती वाटी नेणारी मी. काका दारातच असायचे. वाटी घ्यायचे आणि दर वेळी विचारायचे, "दादा जेवले का?" घरी येऊन मी हे बाबांना कधी सांगितलं नाही. भीती वाटायची. आज वाटतं, सांगायला हवं होतं.

संप कधी रीतसर मागे घेतला गेलाच नाही. आमची गिरणी बंद पडली, बाबांची आणि काकांचीही. आता तिथे काचेच्या इमारती आहेत. संपावर जाऊन बाबांनी चूक केली असं मी आजही म्हणणार नाही. मागण्या रास्त होत्या. पण तो एक शब्द रास्त नव्हता. ज्याच्या घरातलं पीठ संपलं होतं त्याला तो लागला, आणि ज्यांना लागायला हवा होता ते गिरणीच्या मालकीत सुखरूप बसले होते. संप भाकरीचा होता आणि तुमचा वाद आवडीचा आहे, दोन्ही एका तराजूत घालत नाही. शब्द मात्र एकाच जातीचा आहे.

आणि तू तो कुणाला म्हणालास ते बघ. तुझ्या गळ्यातल्या मफलरचे हिरवा-सोनेरी रंग कुणाचे? न्यूटन हीथचे. १८७८ मध्ये मँचेस्टरच्या रेल्वे डेपोत डबे-वाघिणी बांधणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या कामगारांनी तो संघ काढला आणि १९०२ मध्ये त्याचंच नाव मँचेस्टर युनायटेड झालं. डेपोतले, हाताला ग्रीस लागलेले, पाळीवर जाणारे लोक. तो मफलर घालून तू ज्याला गिऱ्हाईक म्हणालास, तो बेस्टच्या डेपोतला मेकॅनिक आहे. त्या हॉलमध्ये त्या रंगांवर सगळ्यात जवळचा हक्क कुणाचा असेल तर तो त्याचा होता.

ती दीडशेची जर्सीही आठव. तू सात वर्षांचा, म्हणजे २००५ चं साल. ज्या वर्षी ग्लेझर आले त्याच वर्षी दादाने तुला क्लब दिला. एकवीस वर्षांच्या पोराच्या खिशात तेव्हा दीडशे रुपये म्हणजे किती, ते त्यालाच माहीत. फॅशन स्ट्रीटच्या त्या जर्सीतून मालकांना दमडी मिळाली नव्हती. गिऱ्हाईक तो तेव्हाही नव्हता.

तर आता काय करायचं. व्हॉट्सॲपवर लिहू नकोस, ग्रुपवर तर मुळीच नाही. घरी जा, एकटा जा. दोन गोष्टींची माफी माग, वायर काढल्याची आणि त्या शब्दाची. माफीच्या वाक्याला "पण" जोडायचा नाही. "चुकलं, पण मालकांनी..." असं सुरू झालंस की तो पुन्हा बॅग उचलेल. निषेधाची माफी मागायची गरज नाही, आणि तो ती मागणारही नाही असा माझा अंदाज आहे. त्या दिवशी तो किती वाजता निघाला होता, कुणाची ड्यूटी घेतली होती, हे विचार. तो सांगेल तेवढं ऐक. न्यूटन हीथचं सांगायचं असेल तर चहा झाल्यावर सांग.

शब्द तू सगळ्यांसमोर काढलास, म्हणून तो परत घ्यायचाही सगळ्यांसमोर. पुढच्या वेळी हॉल घ्याल तेव्हा मॅच सुरू व्हायच्या आधी उभा राहा आणि दोन वाक्यांत सांग. उरलेल्या पाच जणांनाही बरोबर उभं कर. वायरचा बेत सगळ्यांचा होता.

ग्रुपबद्दल मला एवढंच दिसतं की पडदा सगळ्यांचा आहे. साठांपैकी बहुतेकांनी होय म्हटल्याशिवाय त्याला हात लावू नये. पण तुमच्या खुर्च्या तुमच्या आहेत. वर्गणी भरा, विसाव्या मिनिटाला सहाही जण उठा आणि दारात फलक घेऊन उभे राहा. त्या सहा रिकाम्या जागा दादालाही दिसतील आणि त्याची मॅचही चालू राहील. अधिकृत जर्सी, मफलर, क्लबच्या दुकानातलं काहीही यंदा घ्यायचं नाही असं ठरवा आणि त्याचा फोटो काढून तिकडच्या चाहत्यांच्या संघटनांना पाठवा, खाली लिहा की हे मुंबईहून. तो पैसा मालकांच्या हिशेबात मोजला जातो. वाचलेल्या पैशांतून वांद्र्याच्या नेव्हिल डिसोझा मैदानावर जा एखाद्या संध्याकाळी. ज्या माणसाने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारले, त्याचं नाव आहे त्या मैदानाला, आणि तो आपल्याच मुंबईत खेळलेला. तिथे खेळणाऱ्या पोरांना बॉल लागतात, बूट लागतात. दादाला मेकॅनिकची नजर आहे, काय हवं ते त्याला बरोबर कळेल.

हे सगळं केल्यावर दादा मालकांविरुद्ध तुझ्याबरोबर उभा राहील, असं मी सांगू शकत नाही. कदाचित नाहीच राहणार. आठवडाभर बसच्या खाली पडून काम केल्यावर त्याला ते दोन तास कुठल्याही भांडणाशिवाय हवे असतील, आणि ते मागण्यात त्याचं काही चुकत नाही. ब्लॅकपूल या इंग्लंडमधल्याच छोट्या क्लबच्या चाहत्यांनी मालकांविरुद्ध चार मोसम मैदानावर पाऊल ठेवलं नाही. काही जण मात्र जात राहिले आणि दोघांत फार कडवटपणा आला. २०१९ च्या फेब्रुवारीत मालक गेले आणि मार्चमध्ये स्टेडियम पुन्हा भरलं, तेव्हा बहिष्कारवाले आणि जात राहिलेले एकाच स्टँडमध्ये शेजारी बसले. तुमच्या क्लबला तो दिवस कधी दिसेल कोण जाणे. तो येईपर्यंत दादाशी बोलायचं थांबू नकोस.

वहिनीला आजच फोन कर. या आठवड्यात त्याची कुठली पाळी आहे ते विचार, आणि तो घरी येऊन अंघोळ करून बसला की मग जा.